सांडवा बुजवलेली जीप

मी एक जुनी डिझेल जीप आहे, आणि मित्रांनो, मी रागावलेली आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की हळव्या होतात, असं तुम्ही वाचलं असेल. मला ते जमणार नाही. माझ्या बाबतीत जे घडलं ते आठवलं की अजूनही माझं इंजिन तापतं. तेव्हा जरा लांब उभे राहा आणि ऐका.

एकोणीस वर्षांपूर्वी एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. रंग दुधाळ पांढरा, आणि मागच्या दारावर लाल अक्षरांत एकच शब्द : टर्बो. अणदूरच्या दगडोबांनी मला सोलापूरहून आणलं तेव्हा घरी न नेता थेट खंडोबाच्या देवळासमोर उभं केलं. त्यांच्या बायकोनं, मथुराबाईंनी, माझ्यावर मूठभर भंडारा उधळला. त्यातला थोडा वायपरच्या खाचेत अडकून पुढं वर्षभर तिथंच राहिला. दगडोबा तोवर दुसऱ्यांच्या गाड्या चालवत होते. स्वतःची अशी मीच पहिली.

त्या लाल शब्दाचा अर्थ तुम्हाला सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. इंजिन डिझेल जाळतं आणि तोंडावाटे धूर टाकतं. साध्या गाडीत तो धूर वाया जातो. माझ्यात तो जाता जाता एक लहानसं चाक फिरवतो. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरं चाक असतं. ते बाहेरची ताजी हवा ओढतं आणि दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा मिळाली की डिझेल पुरतं जळतं आणि गाडीला बळ येतं. चुलीत फुंकणीनं फुंकल्यावर जाळ कसा उठतो, तसंच. ह्या दाबून भरलेल्या हवेच्या जोराला गॅरेजवाले बूस्ट म्हणतात.

पण ह्यात एक धोका आहे. जोर वाढला की धूर वाढतो, धूर वाढला की चाक आणखी पळतं, चाक पळालं की जोर आणखी वाढतो. कुणी आवरलं नाही तर हे थांबतच नाही. म्हणून त्या चाकाच्या तोंडाशी एक लहान झडप असते. तिचं नाव वेस्टगेट. हवेचा दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की एका बारीक नळीतून ती खबर एका डबीला कळते. डबीतला रबरी पडदा फुगतो, दांडी सरकते, झडप उघडते, आणि जास्तीचा धूर चाकाला न फिरवता बाजूच्या वाटेनं निघून जातो. एवढीशी डबी, बारीक नळी आणि नाण्याएवढी झडप. तुम्ही बॉनेट उघडून पाहिलंत तरी चटकन सापडणार नाही. पण माझा जीव तिच्यावर असतो.

दगडोबांना हे शब्द ठाऊक नव्हते, पण त्यांना माझा स्वभाव ठाऊक होता. सकाळी मला चालू केलं की लगेच रेस देत नसत. तेल वर चढेपर्यंत तंबाखू मळत बसायचे. लांबून आलो की बंद करण्याआधी मिनिटभर तसंच चालू ठेवायचे. कुणी घाई केली तर म्हणायचे, टर्बोला दम खाऊ दे. अणदूर ते नळदुर्ग, नळदुर्ग ते सोलापूर, कधी इकडं उमरग्याच्या दवाखान्यांपर्यंत, असं मी वर्षानुवर्षं वडाप केलं, म्हणजे माणशी भाडं घेऊन सवाऱ्या वाहिल्या. दहावीच्या परीक्षेला पोरं नेली, नवऱ्या मुली नेल्या, शेळ्याही नेल्या. पंधरा वर्षं झाल्यावर मला आरटीओत पुन्हा पासिंगला उभं केलं तेव्हा तिथल्या साहेबानं दोनदा इंजिनाकडं वाकून पाहिलं आणि दगडोबांना विचारलं, गाडी कुणी सांभाळली? दगडोबा घरी येईपर्यंत शीळ घालत होते.

मग मथुराबाई आजारी पडल्या. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सोलापूरला जाऊन चार तास मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं, असं ठरलं. त्यांच्या डाव्या हातात त्यासाठी शीर जोडलेली होती. त्या जागी हात लावला तर आत थरथर लागायची. पाणीसुद्धा त्यांना मोजून प्यावं लागे. उन्हाळ्यात त्या बर्फाचा खडा तोंडात धरून माझ्या मागच्या बाकावर बसायच्या आणि डावा हात उशीवर ठेवायच्या.

त्याच सुमाराला दगडोबांच्या उजव्या डोळ्यानं दगा दिला. ऑपरेशन झालं, पण महामार्गावर ट्रकच्या गर्दीत गाडी चालवण्याइतकी नजर परत आली नाही. वडाप बंद झालं. आता मी फक्त दवाखान्याची वारी करायची, आणि चालवायला त्यांचा मुलगा रणधीर.

रणधीर तिशीचा. टोलनाक्यावर पाळीनं कामाला. दिवसभर त्याच्या समोरून नव्याकोऱ्या गाड्या सपकन निघून जायच्या. मंगळवार-शुक्रवारची सुट्टी तो दुसऱ्यांशी पाळी बदलून घ्यायचा. कधी रात्रपाळी करून तसाच न झोपता गाडीवर बसायचा. आईवर त्याचा जीव होता. हे मी मुद्दाम सांगते. तो वाईट असता तर मला एवढा राग आला नसता.

मागच्या हिवाळ्यात माझी दमछाक व्हायला लागली. नळदुर्ग ओलांडलं की पुढच्या चढाला मी धापा टाकायची आणि मागं काळा धूर सोडायची. ट्रकवाले हॉर्न वाजवत पुढं जायचे. आमच्या टोलनाक्यावरचे सोबती रणधीरला विचारायचे, बैलगाडी कधी विकणार? एकदा चढावरच मथुराबाईंना उलटी झाली आणि त्या दिवशी दवाखान्यात पोचायला उशीर झाला. परत येताना रणधीर दात खात होता. घरी आल्यावर त्यानं माझ्या दारावर पालथी मूठ मारली.

खरं तर माझं दुखणं लहान होतं. टर्बोपासून इंजिनाकडं हवा नेणारा जाड रबरी पाईप खालच्या अंगानं चिरला होता. दाबून भरलेली हवा तिथून निसटायची. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर. खाली बसून हात फिरवला असता तरी सापडलं असतं.

नळदुर्गला बसस्टँडच्या मागं माणिकप्पांचं गॅरेज होतं. माझ्या जन्मापासून त्यांनीच मला पाहिलेलं. पण रणधीर तिकडं गेला नाही. आदल्या वर्षी तो धावत आलेल्या गाडीची किल्ली फाडकन बंद करताना माणिकप्पांनी पाहिलं होतं आणि चारचौघांत झापलं होतं. गाडी चालवतोस का बैल हाकतोस, असं म्हणाले होते. ते त्याच्या मनात रुतलं होतं. मग त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि मला घेऊन गेला उमरग्याच्या बायपासला, कुमार नावाच्या एका माणसाकडं.

कुमारच्या दुकानाला रंगीत दिवे होते. त्यानं माझं बॉनेट उघडलं. आता माझं दुखणं शोधेल, असं मला वाटलं. त्यानं चिरलेल्या पाईपकडं पाहिलंसुद्धा नाही. विचारलं फक्त रणधीरला, किती पळवायची? मग डबीकडं जाणारी ती बारीक नळी त्यानं ओढून काढली, तिच्यात एक स्क्रू कोंबला, वरून क्लिप आवळली आणि परत जागेवर चढवली. झालं. आता दाबाची खबर डबीला कधीच मिळणार नव्हती आणि झडप कधीच उघडणार नव्हती. वर पंपाचा स्क्रू फिरवून डिझेलही वाढवलं. ह्याला तो म्हणाला टर्बो खोलला. चहा पिऊन व्हायच्या आत काम उरकलं.

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी तिथंच त्याचं नाव घेऊन ओरडले असते. त्याला ठाऊक होतं. ज्या माणसाला नळी कुठली ते कळतं, त्याला ती कशासाठी आहे तेही कळतंच. अडाणीपणाची चूक मी समजू शकते. समजून-उमजून केलेलं कसं समजून घेऊ?

आणि माझा स्वतःवरही राग आहे, तोही सांगून टाकते. परतीच्या वाटेवर मी पळाले. चढ आला तरी तिसऱ्या गिअरवर उतरावं लागलं नाही. एका ट्रकला मागं टाकलं, दुसऱ्याला टाकलं, आणि एकोणीस वर्षांच्या ह्या जीपला ते आवडलं. टोलनाक्यावर सोबत्यांनी टाळ्या वाजवल्या. रणधीरनं माझा व्हिडिओ काढला आणि गाणं लावून सगळ्यांना दिसेल असा मोबाइलवरून टाकला. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझं कौतुक करत होतं. आत मात्र काय चाललं होतं? पाईप चिरलेलाच होता. हवा निसटत होती, म्हणून टर्बोचं चाक ती भरून काढायला दुप्पट पळत होतं, आणि त्याला आवरणारी झडप गप्प पडलेली. एका मिनिटात लाखावर फेरे. दांडा तापून लाल व्हायचा. त्याच्याभोवतीचं तेल अडवून धरणारं सील पाझरायला लागलं. तरी मी पळत राहिले.

दगडोबांना पहिल्याच दिवशी कळलं. त्यांचा डोळा गेला होता, कान नव्हता गेला. माझी शिट्टी बारीक आणि तीक्ष्ण झाली होती. त्यांनी रणधीरला विचारलं, काय केलास हिला? रणधीर म्हणाला, सर्व्हिसिंग. दगडोबा काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. चालवणारा तो, सुट्ट्या काढणारा तो, बायकोला नेणारा तो. त्याला दुखवलं तर शुक्रवारी कोण नेणार, असा हिशेब त्यांच्या डोक्यात चालला असेल. पुढं दोन महिने ते माझ्या पुढच्या सीटवर बसून ती शिट्टी ऐकत राहिले आणि गप्प राहिले. जो माणूस मिनिटभर मला दम खाऊ द्यायचा, तो माणूस. त्याचाही मला राग आहे.

मे महिन्यातला एक शुक्रवार. सकाळी साडेसातलाच हवा तापली होती. रणधीर गाडीवर, दगडोबा शेजारी, मागं मथुराबाई. नळदुर्ग मागं पडलं, चढ लागला. पुढं कांद्याचा ट्रक होता. रणधीरनं त्याला मागं टाकायला पाय दाबला, आणि माझ्या आत काहीतरी तुटलं.

आधी शिट्टी थांबली. मग मागं पांढरा-निळा धुराचा लोट उठला. टर्बोचं सील फुटलं होतं आणि इंजिनाचं तेल हवेच्या वाटेनं आत शिरत होतं. डिझेल इंजिनाला जाळायला तेलही चालतं. आता मी स्वतःचंच तेल पीत होते आणि माझे फेरे वाढत चालले होते. रणधीरनं पाय काढला. मी वाढतच गेले. त्यानं मला कडेला घेतलं, गिअर काढला, किल्ली फिरवून बंद केली, किल्ली उपसून हातात घेतली, तरी मी किंचाळत होते. मित्रांनो, ती दोन-तीन मिनिटं मी तुम्हाला सांगू शकत नाही. मला थांबायचं होतं आणि थांबता येत नव्हतं. बॉनेटच्या फटींतून धूर आत यायला लागला. मागून ट्रक ओरडत जात होते.

रणधीरचा हात दाराच्या कडीवर गेला. तो उडी मारणार होता. मी ते पाहिलं. मग त्यानं आरशात पाहिलं. मागं मथुराबाई पदर नाकाला लावून, डावा हात छातीशी धरून बसल्या होत्या. मागचं दार आतून उघडत नसे. वडापच्या काळापासून ते बाहेरूनच उघडायचं. त्याचा हात कडीवरून खाली आला.

तेवढ्यात दगडोबा बोलले. दोन महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं.

"किल्ली सोड. टॉपच्या गेरात घाल. ब्रेक दाबून धर, सगळं वजन टाक. आता क्लच सोड."

रणधीरनं दांडा ओढला. गिअर पडेना. दगडोबांनी शेजारून हात घालून दांडा पाचव्यात लोटला. रणधीर ब्रेकवर अक्षरशः उभा राहिला आणि त्यानं क्लच सोडला. मी एकदा, दोनदा गदगदा हलले, जणू कुणी मानेला धरलंय, आणि मेले. धुरातून नुसती टिकटिक ऐकू येत राहिली. तापलेलं लोखंड थंड होतानाचा तो आवाज.

पण मथुराबाईंचं संकट तिथं संपलं नाही. त्यांना खाली उतरवून एका बाभळीच्या सावलीत बसवलं. मशीनची वेळ टळत चालली होती. अंगात पाणी साठलेलं, त्यात धूर छातीत गेलेला. त्यांना धाप लागली. मागं टाकायला निघालो होतो तोच कांद्याचा ट्रकवाला थांबला होता, पण त्याच्या केबिनमध्ये त्यांना चढवता येईना. शेवटी एका पिकअपवाल्यानं पुढं जागा दिली. दगडोबा मागच्या हौद्यात उभे राहून गेले. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते, असं नंतर कळलं. त्यांना ऑक्सिजन लावला आणि पाच दिवस ठेवून घेतलं.

मला ट्रॅक्टरला बांधून माणिकप्पांच्या गॅरेजात आणलं. माणिकप्पा सत्तरीचे. अंगात बंडी, कानावर पेन्सिल. त्यांनी रणधीरला बसायलाही सांगितलं नाही. आधी खाली शिरले आणि चिरलेला पाईप काढून बाहेर फेकला. मग बारीक नळी उपसली. उलटी करून हातावर आपटली. स्क्रू तळहातावर पडला. त्यांनी तो रणधीरच्या हातात ठेवला.

रणधीरनं सगळं सांगितलं. कुमारचं, व्हिडिओचं, इकडं का आला नाही तेसुद्धा. माणिकप्पा ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. त्यांचा आवाज उलट खाली गेला.

"आपल्या नळदुर्गच्या किल्ल्यातला बंधारा बगितलास न्हवं? पावसाळ्यात लोक त्याचं पडणारं पानी बगायला येत्यात. ते पानी वाया जातंय म्हणून तू त्याचा सांडवा, जादा पानी सोडायची वाट, बुजवशील का? चार दिवस तळं लई भरलेलं दिसंल. मग बंधारा फुटंल अन् खालचं गाव जाईल. ही झडप म्हंजी गाडीचा सांडवा. तू सांडवा बुजवलास रणधीर, अन् खाली आईला बसवलास."

रणधीर उभ्याउभ्या रडला. माणिकप्पांनी त्याला रडू दिलं आणि पाना हातात घेतला. मला बरं वाटलं, असं मी म्हणणार नाही. मला वाटलं, आता रडतोस?

दुसऱ्या दिवशी तो स्क्रू घेऊन रणधीर उमरग्याला गेला. तिथं काय झालं ते त्यानं परत येऊन माझ्या शेजारी उभं राहून माणिकप्पांना सांगितलं. कुमार दुसऱ्या एका गाडीवर वाकलेला होता. स्क्रू पाहून त्याला लाजही वाटली नाही. तो म्हणाला, "तूच म्हणलास पळव म्हणून. म्या पळवून दिलो. तवा बरं गाणं लावून व्हिडिओ टाकलास."

रणधीरनं त्याची कॉलर धरली होती. मग सोडून दिली. का सोडलीस, असं माणिकप्पांनी विचारलं. रणधीर म्हणाला, त्याचं निम्मं खरं होतं. राहिलेल्या निम्म्यासाठी हाणलं असतं, पण मग ज्या पोराची गाडी तिथं उभी होती तो पळून गेला असता. म्हणून त्यानं त्या पोराला बाहेर बोलावलं आणि पिकअपवाल्यानं दवाखान्यात काढून त्याला पाठवलेला आपल्या आईचा फोटो दाखवला. पोरानं गाडी परत नेली. कुमार त्याला शिव्या देत राहिला.

माणिकप्पांना मला उभं करायला तीन आठवडे लागले. टर्बोचा आतला गाभा बदलला. सगळ्या वाटांमधलं तेल धुऊन काढलं. पाईप नवा घातला. वेस्टगेटची डबी उघडली तर तिच्यातला पडदाही वयानं तडकलेला निघाला. म्हणजे कुमारनं काही केलं नसतं तरी ती एक दिवस दगा देणारच होती. एकोणीस वर्षांत तिची आठवण कुणालाच झाली नव्हती, दगडोबांनाही नाही. माणिकप्पांनी नवी, आधीपेक्षा दणकट डबी बसवली. हातपंपानं हळूहळू हवा भरत, काट्यावर आकडा वाचत, झडप नेमक्या कुठल्या दाबाला हलते ते पाच-सहा वेळा तपासलं. दांडीचा नट पाव फेरा इकडं, पाव फेरा तिकडं. रणधीर शेजारी उकिडवा बसून पाहत होता. शेवटी त्यानं भीत भीत विचारलं, अप्पा, दाब थोडासुद्धा वाढवता येत नाही का?

माणिकप्पा म्हणाले, येतो की. पण आधी सांडवा मोठा करायचा, मग पाणी वाढवायचं. आधी झडप दणकट, मग हवा थंड करायची सोय, मग डिझेलचं माप, आणि सगळ्यात आधी गाडीचं वय. ह्या जीपच्या हेडला, इंजिनाच्या वरच्या झाकणाला, आता जास्तीचा दाब झेपणार नाही. तिला तिचा हक्काचा आकडा पुरता मिळाला तरी ती चढ चढेल. मग त्यांनी स्टिअरिंगशेजारी दाब दाखवणारा एक गोल काटा बसवला आणि लाल पेन्सिलीनं एका जागी रेघ मारली. म्हणाले, काटा ह्याच्या पुढं गेला की पाय काढायचा आणि माझ्याकडं यायचं. मी शिव्या देईन. तरी यायचं.

जूनच्या एका मंगळवारी मी पुन्हा दारात उभी राहिले. मधल्या दिवसांत मथुराबाई एसटीनं आणि लोकांच्या गाड्यांतून गेल्या होत्या. त्या खूप वाळल्या होत्या. रणधीरनं मागचं दार उघडलं. त्याचं कुलूपही त्यानं आतून उघडेल असं दुरुस्त करून घेतलं होतं. मथुराबाई चढल्या नाहीत. माझ्या पत्र्याला हात टेकून उभ्या राहिल्या. रणधीर खाली मान घालून म्हणाला, "आये, तुज्यासाठीच केलो हुतो गं म्या. लवकर पोचावं म्हणून."

त्या चिडल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"माज्यासाठी केलास, मग मला का इचारला न्हाईस? मला कुठं लवकर जायाचं हुतं? मला हळू जायाचं हुतं. खड्डा आला की ह्या हातात कळ येती, पार खांद्यापतुर. तू पळवायलास अन् म्या मागं पदर तोंडात धरून बसायलेय. एकदा तरी मागं वळून इचारायचं, आये, बरं हाय का?"

मग त्या दगडोबांकडं वळल्या. नवऱ्याला त्यांनी कधी उलट शब्द बोलला नव्हता.

"अन् तुमी. तुमाला गाडीचं दुखणं आवाजावरनं कळतंय. माजं न्हाय कळलं."

दगडोबांनी टोपी काढून हातात घेतली.  शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं आणि आत गेलं.

मीही ओशाळले, मित्रांनो. इतके दिवस मी कुमारवर चिडले, रणधीरवर चिडले, दगडोबांवर चिडले. माझा दाब, माझी झडप, माझा दांडा. माझ्याच मागच्या बाकावर एक बाई पदर तोंडात धरून बसत होती, आणि ट्रकला मागं टाकण्याच्या आनंदात मलाही ते ऐकू आलं नव्हतं. माझा राग मी फार मोठा समजत होते. तिचा राग पाहिल्यावर मला माझ्या रागाचं माप कळलं.

त्या दिवशी मथुराबाई मागं बसल्या नाहीत. उशी घेऊन पुढच्या सीटवर बसल्या आणि दगडोबांना मागं पाठवलं. रणधीरनं गाडी सुरू केली. फाट्यापर्यंत त्या त्याला सांगत होत्या. इथं हळू. इथं खड्डा हाय, डाव्या अंगानं घे. आता जाऊ दे थोडी. रणधीर ऐकत होता. चढ आला, काटा रेघेपर्यंत चढला आणि तिथंच थांबला. झडप उघडल्याचं मला आत कळलं. आम्ही वर पोचलो. मागून एक नवी गाडी हॉर्न वाजवत आली. रणधीरनं तिला वाट दिली. आम्ही दवाखान्यात वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचलो.

आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी असंच जातो. रणधीरनं माझा तो जुना व्हिडिओ काढून टाकला नाही. त्याच्याखाली त्यानं चिरलेल्या पाईपचा आणि आईच्या हाताचा फोटो लावला आहे, आणि आपण काय केलं ते स्वतःच्या नावानं लिहिलं आहे. टोलनाक्यावर काहीजण त्याला हसतात. काहीजण बाजूला घेऊन हळूच विचारतात, अरे, माझ्या गाडीचं बघतोस का? तो त्यांना माणिकप्पांचा पत्ता देतो.

बायपासवरचं ते दुकान अजून चालू आहे. रंगीत दिवे अजून लागतात. म्हणून माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या गाडी घ्याल, कुणी पाना हातात घ्याल. यंत्राला बळ द्यायचं असेल तर जरूर द्या, मी अडवणार नाही. पण त्याच्यातली प्रत्येक नळी कशासाठी आहे ते आधी कळून घ्या, आणि कळल्यावर तिच्यात स्क्रू कोंबू नका. आणि कुणासाठी म्हणून काही करायला निघालात, तर त्या माणसाजवळ जाऊन बसा. त्याला विचारा. तो सांगेपर्यंत थांबा.

उद्या शुक्रवार आहे. मथुराबाईंनी उशी आजच माझ्या पुढच्या सीटवर आणून ठेवली आहे.